फोटोत न आलेलं लाकूड

मूर्तिजापूरकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं छप्पर उतरवलं गेलं आणि त्याचं लाकूड तीन ट्रक भरून अकोल्याला आलं, तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. जुन्या शहरात गफ्फारसेठची लाकडाची टाल आहे. पाडलेली घरं, शाळा, गोदामं यांचं लाकूड तिथं येतं. वासे, फळ्या, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. त्यातले खिळे उपटायचे, लोखंडी पट्ट्या काढायच्या, चिकटलेला चुना खरवडायचा आणि साफ झालेला माल कापायला आरामशिनीकडं सरकवायचा, हे काम सहा बायका करत होत्या. अब्दुल गफ्फार आता थकले होते. गुडघ्यांमुळं घराबाहेर पडत नसत. सगळा कारभार त्यांचा मुलगा शाकीब बघायचा.

जमुना त्या सहाजणींतली एक. वय बेचाळीस. नऊ वर्षं तिनं हेच केलं होतं. पकडीनं खिळ्याचं डोकं धरायचं, मनगटाला एक झटका, की खिळा बाहेर. कितीही गंजलेला असला तरी तिच्या हातून तो मधे तुटत नसे. बाकीच्या बायका अडलेली फळी तिच्याकडंच आणून टाकत.

त्या दुपारी ती आणि नसीमबानो जिनिंगच्या लाकडातली एक लांब फळी उचलून नेत होत्या. नसीमबानो पंचावन्नच्या पुढची, टालीवरची सगळ्यांत जुनी. सगळ्या तिला आपा म्हणत. फळी सागाची, चौदा फूट, कडेनं उन्हापावसात फाटलेली. पुढचं टोक जमुनाच्या हातात, मागचं आपाच्या. मलब्याच्या ढिगाजवळून वळताना मागचं टोक एकदम खाली गेलं आणि फळी जमुनाच्या तळहातातून करकरत मागं ओढली गेली.

"या अल्ला! पाय घसरला व माह्या!" आपा ओरडली.

जमुनानं हात पाहिला. अंगठ्याखालच्या मांसात लाकडाचं काळसर टोक दिसत होतं. तिनं ते दातात धरून ओढलं. पेराएवढा तुकडा निघाला, मागोमाग रक्त आलं. नळाखाली हात धरून तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्याची चिंधी गुंडाळली.

"निघालं ना समदं?" आपानं विचारलं.

"निघालं वाटते."

तसं ती म्हणाली खरी. पण पुन्हा पकड हातात घेतली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी आडवं आलं. दुखलं असं नाही. घरात कुणीतरी अनोळखी येऊन बसावं, तसं वाटलं. संध्याकाळपर्यंत तिनं काम केलं.

पाचव्या दिवशी हात फुगला. हातातली तांब्याची अंगठी निघेना. शाकीबनं पाहिलं आणि तो घाबरला. त्यानं रिक्षा बोलावली आणि तिला चौकातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला. तिथं गर्दी होती. नंबर आला तसा शाकीबच पुढं बोलला, "डॉक्टरसाहेब, खिळा लागला. जंग लागलेला."

"लाकूड होतं जी," जमुना मागून म्हणाली.

"कधी लागला?" डॉक्टरांनी शाकीबला विचारलं, आणि लिहायला लागले.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. जखम पुसून पट्टी बांधली. खिळ्याचा तुकडा आत राहिला का पाहायला एक्स-रे काढून आणायला सांगितलं. एक्स-रेचं दुकान तीन गल्ल्या पलीकडं. तिथला माणूस, गजेंद्र, चिठ्ठी बघून म्हणाला, "अंगठी काढा."

"निघत नाई."

"राहू द्या मंग. पट्टी बी राहू द्या. हात असा ठेवा. हालू नका."

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "काही नाही आत. साफ आहे. गोळ्या घ्या, आठ दिवसांत बरं होईल."

आणि खरंच, आठ दिवसांत बरं झालं. सूज उतरली, जखमेचं तोंड मिटलं, वर गुलाबी कातडी आली. शाकीब खूश झाला. जमुना पुन्हा पकड घेऊन बसली.

गोळ्या सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना अंगठ्याखाली आतून टोचलं. परातीतलं पीठ तसंच सोडून ती उठली. दारात जाऊन उजेडात हात धरला. वरून काही नव्हतं. दाबलं की टोचायचं, सोडलं की थांबायचं. तिनं दहा वेळा दाबलं, दहा वेळा सोडलं. तव्यावरची भाकरी करपली.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. जेवताना ती उभी राहायची. घास तोंडात, डावा अंगठा उजव्या तळहातावर. टालीवर दोन खिळे काढले की उठायची, पाणी पिऊन यायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. संध्याकाळी घरी न जाता मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालत जायची आणि तिथून काहीच न करता परत यायची. कातडी लाल झाली, मग एक पिवळा ठिपका आला, फुटला, दोन थेंब निघाले आणि तोंड पुन्हा मिटलं. ती पुन्हा डॉक्टरकडं गेली. त्यांनी जुना फोटो पाहिला. "आत काही नाहीये बाई. जुन्या जखमेचं आहे ते. गोळ्या बदलून देतो."

तिचा नवरा उत्तमराव एका दालमिलमध्ये दिवसपाळीचा चौकीदार होता. माणूस शांत. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं हात हातात घेऊन नीट पाहिला. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "आचलचे माय, डॉक्टरनं दोनदा पाह्यलं. फोटोत नाई म्हनते त नाई. तू त्याच्याकडं ध्यानच देऊ नको."

"ध्यान देत नाई मी. ते देते."

"काय देते?"

"ते लाकूड. मले ध्यान देते. मी झोपली का जागी हाय, समदं पाहून राहिलं ते."

उत्तमराव तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं विषय बदलला, आचलचा फोन आला होता का विचारलं. त्यांची लेक लग्न होऊन दर्यापूरला होती. जमुनाला कळलं की आता त्याला हाताची नाही, डोक्याची काळजी वाटते आहे. त्यानंतर तिनं त्याला सांगणं बंद केलं.

एका रविवारी तो बाजारात गेल्यावर तिनं दाभण चुलीच्या जाळावर धरलं आणि अंगणात बसून हात उकरायला घेतला. एका जागी टोचून पाहिलं, मग दुसऱ्या. घाम मानेवरून खाली वाहत होता. रक्तानं काही दिसेना, तशी ती पाणी ओतायची आणि पुन्हा शोधायची. उत्तमराव परतला तेव्हा फरशीवर लाल पाण्याचं थारोळं होतं. त्यानं पिशवी टाकली आणि दाभण तिच्या हातातून हिसकावलं.

"पागल झाली का तू?"

"होईनच आता," ती म्हणाली.

हात पुन्हा सुजला. शाकीबनं तिला खिळ्यांचं काम सोडून झाडलोट करायला सांगितलं. वाईट मनानं नाही. पण त्याच्या आवाजात आता ती पहिल्या दिवशीची घाई नव्हती. "जमुनामौसी, रिपोर्ट तर साफ आहे ना? मग नेमकं काय होतंय?" तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला. मागं बायकांत कुणीतरी म्हणालं, "हलकं काम पायजे असन." तिनं ऐकलं. झाडू तसाच धरून ती टालीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत गेली आणि जे झाडून झालं होतं तेच परत झाडत आली.

आरामशिनीवर लाकूड चढवण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवत. आत एखादा खिळा तुटून राहिला असला तर पातं मोडायचं. एका दुपारी मशीन बंद असताना जमुनानं ते चुंबक उचललं आणि आपल्या तळहातावर धरलं. हळूहळू अंगठ्यापासून मनगटापर्यंत फिरवलं. काही ओढलं जाईना.

आपानं ते पाहिलं. "काय करून राहिली व?"

"पाहून राहिली."

"वहम हाय तुह्या, जमुना, मनाचा भास. वहमाले दवाई नसते. सोड त्याचा पिच्छा." आपा एवढं बोलून लगेच दुसरीकडं निघून गेली.

जमुना चुंबक हातात घेऊन तशीच उभी राहिली. ढिगात एक फळी होती, तिच्यात चार खिळे आणि एक सागाची खुंटी ठोकलेली. जुने सुतार सांधा बसवायला तशी लाकडी खुंटी ठोकत. तिनं चुंबक फळीवरून नेलं. चारही खिळ्यांवर ते खाडकन बसलं. खुंटीवरून नुसतं पुढं गेलं. खुंटी तर समोर दिसत होती.

ती तशीच घरी गेली, कुणाला न सांगता. पत्र्याच्या पेटीतून फोटोचं पाकीट काढलं आणि अंगणातल्या उन्हात फोटो वर धरला. हाडं दिसत होती, तिची स्वतःची, पांढरी. तांब्याची अंगठी तर हाडांहून पांढरी. बोटं, मनगट, सगळं जागच्या जागी. तिनं फोटो जवळ आणला, लांब नेला. मग तिच्या लक्षात आलं.

पट्टी कुठं होती?

फोटो काढताना हाताला पट्टी होती. चांगले चार वेढे. गजेंद्रनं स्वतः म्हटलं होतं, पट्टी राहू द्या. अंगठी राहिली ती आली. पट्टी राहिली ती आली नाही. म्हणजे या फोटोत सगळंच येत नाही.

ती पुन्हा टालीवर गेली, जवळजवळ धावत. त्याच जिनिंगच्या फळीची एक ढलपी तिनं तोडून घेतली, बोटाएवढी. ढिगातून तेवढाच एक खिळा उचलला. दोन्ही कागदात गुंडाळून ती एक्स-रेच्या दुकानात पोचली तेव्हा गजेंद्र डबा उघडत होता.

"एक फोटो काढून द्या जी."

"चिठ्ठी?"

तिनं जुनीच चिठ्ठी पुढं केली.

"ताई, ही मागच्या महिन्याची हाय."

"हातबी मागच्या महिन्याचाच हाय." तिनं कागद उघडून टेबलावर ठेवला. "हा खिळा आन हे लाकूड माह्या हातावर चिकटवा. एकाजवळ एक. आन मंग काढा."

गजेंद्रनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. खिळ्याकडं पाहिलं, लाकडाकडं पाहिलं. त्याला समजलं. "लाकूड नाई येनार, ताई," तो हळू म्हणाला. "एक्स-रे लाकडातून सरका आरपार निघून जाते. काच येते, लोखंड येते. लाकूड बहुतेक येतच नाई."

"तुमाले ठाऊक होतं?"

"होतं ना."

"मंग बोलले काहून नाई?"

"चिठ्ठीवर खिळा लिहिला होता. खिळा नव्हता, तसं मी लिहून दिलं. लाकडाचं मले कोनी विचारलंच नाई." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "मी सांगतो डॉक्टरले फोन करून."

"फोनवरचं राहू द्या. पाच हप्ते होऊन गेले, मी तोंडानंच सांगून राहिली. तुमी फोटो काढा."

त्यानं काढला. हातावर चिकटपट्टीनं खिळा आणि लाकूड शेजारी शेजारी लावून. फोटो बाहेर आला तेव्हा त्यात अंगठ्याच्या हाडाजवळ एक खिळा चमकत होता, डोकं, टोक, सगळं. शेजारची जागा रिकामी होती.

डॉक्टरांच्या टेबलावर तिनं तो फोटो ठेवला आणि त्याच्यावर ती ढलपी. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग फोटो उचलला, मग तो खाली ठेवून ढलपी बोटांत फिरवून पाहिली.

"लाकूड होतं, हे तुम्ही मला सांगितलं होतं का?"

"सांगतलं होतं जी. पहिल्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. "माझं चुकलं," म्हणाले. मग फोन लावला. अमरावतीला त्यांच्या ओळखीच्या हाताच्या सर्जन होत्या, रागिणी मॅडम. "उद्याच जा. सोनोग्राफीत दिसेल."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव रजा टाकून तिच्याबरोबर निघाला. त्यानं नवा फोटो पाहिला होता आणि तो स्वतःच पिशवीत घेतला होता. एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा जमुना खिडकीतून पाहत होती. ते छप्पर इथंच कुठंतरी होतं. कुठली इमारत, तिला माहीत नव्हतं. बडनेरा येईपर्यंत तिनं तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा ना एका ठिकानी."

रागिणी मॅडम पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "काय लागलं होतं? कसं? सुरुवातीपासून सांगा." जमुनानं सगळं सांगितलं, चुंबकापर्यंत. मग त्यांनी तळहातावर थंडगार चिकट काहीतरी लावलं आणि यंत्राचं टोक टेकवलं. पडद्यावर करडे ढग हलत होते. ते हलता हलता थांबले. ढगांत एक पांढरी रेघ, आणि तिच्या पाठीमागं काळी सावली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "साडेतीन सेंटिमीटर. अंगठा वाकवणारी जी दोरी असते ना आतली, तिला लागूनच आहे."

जमुनानं पडद्याकडं पाहिलं. मग उत्तमरावकडं. तो भिंतीपासून पुढं आला आणि पडद्याजवळ वाकून पाहू लागला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. हात तेवढा बधिर केला. नर्स मधे हिरवा पडदा लावायला लागली तेव्हा जमुना म्हणाली, "नको. मले पाहायचं हाय."

"चक्कर येईल."

"येऊ द्या."

मॅडमनी पडदा बाजूला करायला सांगितलं. जमुनानं सगळं पाहिलं. चिमटा आत गेला, थांबला, आणि मग काहीतरी काळं, ओलं, सरळ बाहेर आलं. तिनं ते ओळखलं. रेषासुद्धा ओळखल्या, जिनिंगच्या त्या फळीच्या. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला आला तो राग. एवढंसं लाकूड. सहा हप्ते.

बाहेर उत्तमरावला नर्सनं ते कापसावर ठेवून दाखवलं. तो जमुनाच्या खाटेजवळ आला. "मी त्या दिवशी दाभण हिसकलं तुह्या हातातून."

"बरं केलं. दाभणानं निघालं नसतं."

"तसं नाई म्हनत मी," तो म्हणाला, आणि खाटेच्या कडेला टेकला. तिनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. बराच वेळ धरून ठेवली.

अंगठा वाचला, पण पुरता वाकेल असं मॅडमनी कबूल केलं नाही. दोरी घासली गेली होती. रबरी चेंडू दाबत राहायला सांगितलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी आपा भेटायला आली. डब्यात गाजराचा हलवा होता. ती खाटेच्या कडेला बसली, डबा मांडीवरच ठेवून. शेजारपाजारचं बोलली, हवेचं बोलली. मग एकाएकी तिनं आपला डावा हात जमुनासमोर उघडला. मधल्या बोटाच्या मुळाशी सुपारीएवढी टणक गाठ होती. "मिटवते पाह्य," ती म्हणाली. बाकीची बोटं मिटली. मधलं अर्ध्यावरच थांबलं.

"हे कवाचं?"

"अकरा साल झाले. चौकटीचं लाकूड गेलं होतं. तुह्यासारखंच. पिकलं, फुटलं, मिटलं. मंग गाठ झाली." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "जमुना, त्या दिवशी पाय नाई घसरला माह्या. हे बोट सुटलं. फळी धरवली नाई."

जमुनाच्या हातातला चेंडू थांबला.

"तुह्या हातात लाकूड हाय, हे मले दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मले नाई कळनार त कोनाले? पन तुह्यं निघालं असतं त फळी काहून सुटली म्हनून समद्यायनं माह्यं बोट पाह्यलं असतं. शाकीबनं मले घरी बसवलं असतं. मी तुले वहम म्हनलं. रोज म्हनलं."

"ऊठ, आपा," जमुना म्हणाली.

"जमुना..."

"आता जाय तू. मले काही बोलू नको."

आपा गेली. डबा खाटेवरच राहिला. जमुना घरात फिरत राहिली, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. सहा हप्ते ती स्वतःला वेडी समजत होती आणि एका बाईला सगळं माहीत होतं. संध्याकाळी उत्तमराव आला तरी तिनं त्याला सांगितलं नाही. दोन दिवस ती चेंडू दाबत अंगणात येरझारा घालत राहिली. राग येई. मग ते अर्ध्यावर थांबलेलं बोट डोळ्यांसमोर येई आणि रागाला नीट उभंच राहता येत नसे. अकरा वर्षं हिनं त्या बोटानं वासे उचलले. पडले असते तर कुणाच्याही पायावर पडले असते. आणि कुणी हिला विचारलं असतं तर हिनं तरी सांगितलं असतं का? जमुनाला स्वतःचंही खात्रीनं सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी ती टालीवर गेली. शाकीब लगबगीनं उठला. तिनं नवा फोटो त्याच्या टेबलावर ठेवला. तो उभ्या उभ्याच पाहत राहिला.

"खिळा मीच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, इथं लागतो तो खिळाच."

"शाकीबभाई, आता कोनाले काही लागलं त दवाखान्यात आमचं आमी सांगू. तुमी रिक्षा आना, चिठ्ठी आना. पन सांगू आमी. आन लांब फळीले तीन बाया लावा, दोन नको."

"हातमोजे पण आणतो मौसी. जाड."

"आना. खिळे काढाले नाई चालत ते, बोटाले डोकं लागत नाई. वाहाले चालतीन."

त्यानं मान हलवली. आपा ढिगाआड खिळे उपटत होती, इकडं न पाहता. जमुना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या टाके काढाले जाऊन राहिली मी अमरावतीले. तू चाल."

आपानं पकड खाली ठेवली. "नको व. एवढे साल निघाले."

"चाल म्हनलं ना. मी काही माफ नाई केलं तुले अजून. तरी बी चाल."

शाकीब मागून येऊन थांबला होता. "आपा कशाला?" त्यानं विचारलं. जमुनानं आपाकडं पाहिलं. हे आपानंच सांगायचं होतं. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. आपानं डावा हात शाकीबपुढं धरला आणि मिटवून दाखवला. किती वर्षं झाली ते सांगितलं. फळी कशी सुटली तेही सांगितलं, सगळ्यांच्या देखत. अकरा वर्षांपूर्वी शाकीब कॉलेजात होता. रोज दुपारी टालीवर वडिलांचा डबा आणायचा तेव्हा हीच त्याच्या हातून तो घ्यायची.

"सकाळी सात वाजता गाडी काढतो," तो म्हणाला. "मीच चालवतो."

अमरावतीला आपा आत गेली आणि जमुना बाहेरच्या पडवीत फेऱ्या घालत राहिली. शाकीब बाकावर बसून एकच पाय हलवत होता. अर्ध्या तासानं मॅडमनी दार उघडून दोघांना आत घेतलं. गाठीत लाकडाचे दोन तुकडे होते. काढता येणार होते, पण सांधा आखडला होता, त्यामुळं बोट थोडंच मोकळं होईल असं त्या म्हणाल्या.

"फळी धरता येईन का?" आपानं विचारलं.

"जड नाही. आणि एकटीनं तर नाहीच."

आपानं शाकीबकडं पाहिलं. "खिळे उपटते मी," ती घाईनं म्हणाली. "बसून. खिळे येतात मले."

"आपा, तुम्हाला कुणी घरी बसवत नाहीये," शाकीब म्हणाला.

तुकडे पुढच्या आठवड्यात निघाले. एक भाताच्या दाण्याएवढा, एक त्याहून मोठा, दोन्ही काळे ठिक्कर. आपानं स्वतः पाहिले नाहीत. जमुनाला पाहायला सांगितले आणि आपण डोळे मिटून पडून राहिली.

संक्रांतीच्या सुमाराला दोघी टालीवर परतल्या. जमुनाचा अंगठा शेवटच्या पेरात वाकत नाही. अडलेला खिळा आता ती पकडीऐवजी पहारीनं काढते. वेळ लागतो. आपाशी ती बोलते, पण आधीसारखं नाही. जेवताना मात्र दोघी शेजारीच बसतात.

परवा जेवण चालू असताना आशाबाई नावाची नवी बाई लंगडत जवळ आली. टाच दाखवत म्हणाली, "जमुनाताई, पंधरा दिवस झाले, इथं ठुसठुसते. मलब्यात काहीतरी भरलं होतं. तुमाले समजते म्हनतात यातलं."

"मले काही समजत नाई व," जमुना म्हणाली. पण डबा बाजूला सरकवून तिनं आशाबाईचा पाय उचलून मांडीवर घेतला. "सांग. काय भरलं होतं? कसं? सुरुवातीपासून सांग."